आईकडची रेघ

"हा कांदा चिरलाय की दगडाने ठेचलाय?" कार्मेलिन स्वतःशीच पुटपुटत होती. "अमेरिकन माणूस जेवायला येणार आणि या घरात धार असलेली एक सुरी नाही. आमच्या आईने असला कांदा मोयलीच्या रश्श्यात पडू दिला नसता. बदकालाच लाज वाटली असती."

इसाबेल फ्रिजच्या उघड्या दाराआड उभी होती. अबुधाबीच्या इलेक्ट्रा स्ट्रीटवरच्या त्या फ्लॅटचं स्वयंपाकघर एवढं चिंचोळं होतं, की दोन बायका आत शिरल्या तर एकीची कुरकुर थेट दुसरीच्या कानात पडायची. एरवी ती म्हणाली असती, "मग तुझ्या हॉटेलातली सुरी पर्समधून आणायची होतीस." आज मात्र थंड वाफ चेहऱ्यावर घेत ती तशीच उभी राहिली. नणंदेची कुठलीच कुरकुर ती कधी मनावर घेत नसे. कार्मेलिन ज्या गोष्टीबद्दल कधीच कुरकुरली नव्हती ती एवढी मोठी होती, की तिच्यापुढे कांदा, मीठ, मसाला सगळं माफ होतं.

"वहिनी, फ्रिजात राहायला गेलीस काय?"

"दही शोधतेय."

"हातात आहे."

इसाबेलने हाताकडे पाहिलं. होतं खरं.

या सगळ्याला एडविनची हौस कारणीभूत होती. आठवडाभर तो ती गोष्ट भेटेल त्याला सांगत सुटला होता. लिफ्टमध्ये सांगितली, आज चर्चच्या पायऱ्यांवर सांगितली, वरच्या मजल्यावरच्या अनुपमाला तर दोनदा. शनिवारी ऑफिसच्या पँट्रीत ड्वेन कॅलहन चष्मा कपाळावर ढकलून एक झेरॉक्स वाचत बसला होता. ड्वेन म्हणजे त्यांच्या तेल कंपनीतला ओक्लाहोमाचा ड्रिलिंगवाला, जातीने चेरोकी, म्हणजे अमेरिकेतला मूळचा इंडियन. आईची आई, तिची आई, असं मागे मागे जात तो एका बाईपाशी येऊन अडकला होता. इंग्रजांच्या अमलातलं व्हर्जिनिया, तिथल्या कुठल्याशा कोर्टाचा कागद, आणि त्यात बाईच्या नावाच्या जागी नुसतं 'ॲन ईस्ट इंडियन वुमन'. एडविनने खांद्यावरून वाकून ते वाचलं आणि चहा सांडवला.

"हबीबी! वी आर ईस्ट इंडियन्स!"

आता हे खरंच होतं. गिरीजच्या वाडीत असताना एडविन नुसता वसईकर होता, वांद्र्याला कॉलेजात गेल्यावर ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडचा मराठी कॅथलिक, झाला आणि अबुधाबीच्या विमानतळावर उतरल्यावर बाकी सगळं गळून इंडियन तेवढा उरला. कुणीतरी, तेही सातासमुद्रापलीकडचं, आपलं मधलं नाव उच्चारतंय याचाच त्याला कोण आनंद!

"पप्पा, आपण ते नाव क्वीन व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीला घेतलं," शेरॉन हसून म्हणाली होती. "दॅट लेडी वॉज अ हंड्रेड अँड फिफ्टी इयर्स बिफोर. तिथे ईस्ट इंडियन म्हणजे जस्ट समवन फ्रॉम अवर साइड. बंगाल, मद्रास, एनीव्हेअर."

"नाव नंतर घेतलं असेल. माणसं आधीपासून होती ना?" एडविनने तिला गप्प केलं होतं.

तोवर इसाबेललाही मजा वाटत होती. बुधवारी ती एडविनचा शर्ट इस्त्री करत असताना तो मोजे काढता काढता म्हणाला, "शुक्रवारी सुट्टीला ड्वेन ते किट घेऊन येतोय. कापसाच्या काड्या असतात. गालाच्या आतून फिरवायच्या आणि अमेरिकेला पाठवायच्या. कुणाची आई कुणाच्या आईपासून आली ते कळतं म्हणे. मी सांगून टाकलं, मायलेकी दोघी देतील."

इस्त्री शर्टाच्या बाहीवरच राहिली. तो शर्ट आज एडविनच्या अंगावर होता, बाही दोन घड्या जास्त दुमडून.

शेरॉन इसाबेलच्या पोटची नव्हती. ती कार्मेलिनची होती.

एकोणीस वर्षांपूर्वी, याच शहरात, लग्न न झालेल्या कार्मेलिनला दिवस गेले. तो माणूस कोण, हे या घरात विचारायची पद्धत नव्हती. या देशात अशा बाईला दवाखान्यात नेलं तरी तिथून ती तुरुंगातच जायची. पोट दिसायच्या आत दोघी नणंदा-भावजया विमानात बसल्या आणि देवळालीला एका नन मावशीकडे जाऊन राहिल्या. परत आली ती इसाबेल, कुशीत तान्हं मूल घेऊन. कार्मेलिन पुढे दोन वर्षांनी आली, तीही मुद्दाम दूरच्या अमिरातीत, उम्म अल कुवैनच्या खाडीकाठच्या एका हॉटेलात हाउसकीपिंगला. आली ती आत्या आणि गॉडमदर म्हणून. नन मावशी गेली, एडविनची आई गेली. उरले तिघं, आणि ते तिघं एकमेकांतसुद्धा ते वाक्य कधी बोलले नव्हते. पहिली काही वर्षं इसाबेल दाराची बेल वाजली की आधी मुलीला आतल्या खोलीत न्यायची. मग ती सवय सुटली. बुधवारपासून पुन्हा लागली होती.

बेल वाजली.

"शेरॉन, आत जा," इसाबेल म्हणून गेली.

"व्हाय? आय वॉन्ट टु मीट हिम!" शेरॉनने धावत जाऊन दार उघडलंसुद्धा.

ड्वेन थोराड, पिकल्या केसांचा, आणि आवाजाने फार हळू. त्याने दारातच बूट काढले. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता, त्याकडे तोही पाहून हसला. काखेत केकचा खोका आणि त्यावर एक पातळ पांढरं पाकीट. इसाबेलने खोका घेतला. पाकीट एडविनने घेतलं आणि टीव्हीवर, मेरीमातेच्या मूर्तीशेजारी, नीट दिसेल असं ठेवलं.

जेवताना इसाबेलचं सगळं लक्ष त्या पाकिटाकडे. ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची. जेवल्या तोंडातून असला नमुना घेत नाहीत, एवढं तिला तिथे बसून बसून ठाऊक झालं होतं. तेवढ्यावर तिने आजचा बेत रचला होता. शेरॉनचं तोंड रिकामं राहू द्यायचं नाही.

"अजून एक फुगा घे गं."

"ममा, आय ॲम फुल."

"मोयलीचा रस घे थोडा. चर्चमध्ये नुसती उभी होतीस, भूक लागली असेल."

"चर्चमध्ये उभं राहून भूक लागते?"

"लागते. खा."

ड्वेनने तो तळलेल्या मैद्याचा गोल फुगा उचलून उलटसुलट पाहिला. "आतून पोकळ आहे," तो आश्चर्याने म्हणाला.

"आमच्या लग्नात याच्याशिवाय पान हलत नाही," एडविन म्हणाला. "वसईला ये एकदा. इन्शाल्ला डिसेंबरात."

इसाबेलची नजर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि हातातला घास तिने परत ताटात ठेवला. शेरॉन आणि कार्मेलिन शेजारी बसल्या होत्या. दोघींनी फुग्याला अंगठ्याने भोक पाडलं, त्यात रस्सा ओतला आणि डावीकडे मान कलती करून तो तोंडात टाकला. दोघींनी, एकाच वेळी. इसाबेलने हे हजारदा पाहिलं होतं. पण आज समोर एक परका माणूस होता, चष्मा पुसत बसलेला, आणि त्याला माणसांची मुळं शोधायचा नाद होता.

"तुमची बहीण आणि तुमची मुलगी," ड्वेन एडविनला म्हणाला, "सारखंच खातात."

"घरचीच ना," एडविन खुशीत म्हणाला.

कार्मेलिनने मान खाली घातली. शेरॉन तिला कोपर मारून म्हणाली, "आत्याने शिकवलं. ममाला फुगा खाताच येत नाही, ती पावासारखा तोडते."

सगळे हसले. इसाबेलही हसली, आणि मग रस्सा वाढायच्या निमित्ताने उठली.

ताटं उचलली गेली तसं ड्वेनने विचारलं, "आता घ्यायचं का?"

"अरेरे, आत्ताच जेवलो की आपण!" इसाबेलने हळहळ दाखवली. ती बरी जमली असं तिला वाटलं. "जेवल्यावर चालत नाही ना? राहू द्या मग. पुन्हा कधी."

"तासभर थांबलं की चालतं," ड्वेन म्हणाला. "मला काही घाई नाही, मॅडम. वीस वर्षं थांबलोय." आणि तो सोफ्यावर टेकून बसला. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहून त्याने सहज विचारलं, "पाकिटात काड्या जास्त आहेत. घरात अजून कुणी बाई देणार असेल तर?"

"मी देते," कार्मेलिन म्हणाली.

इसाबेलने तिला दंडाला धरूनच आत नेलं आणि नळ सोडला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

"तुला काय वेड लागलंय?"

"काय झालं?"

"तुला कळतंय ते काय आहे? तुझं आणि तिचं जुळेल. माझं जुळणार नाही. पांढऱ्यावर काळं होऊन येईल अमेरिकेहून!"

"कळतंय मला. सगळ्यांना वाटतं कार्मेलला फक्त चादरी बदलता येतात." कार्मेलिनने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "वहिनी, त्याने विचारलं, घरात अजून कुणी बाई आहे का. मी दारात उभी होते. मी बाई नाही का?"

"आत्ता, एकोणीस वर्षांनी, आज तुला हे सुचतंय?"

"सुचायला काय, रोज सुचतं. तिच्या फर्स्ट कम्युनियनला सुचलं. तिला ताप होता आणि तू मला फोन केला नाहीस, मग सुचलं. आज कुणीतरी विचारलं एवढंच."

"तिला कळलं तर ती माझ्याकडे बघणार नाही, कार्मेल."

"आणि माझ्याकडे?" कार्मेलिन म्हणाली. "माझ्याकडे ती बघतेच, पण आत्या म्हणून." तिने नळ बंद केला. "पाणी वाया चाललंय."

बाहेर तिसऱ्या प्रहरची, असरची अजान सुरू झाली. दरवेळी एडविन टीव्हीचा आवाज कमी करायचा तसा त्याने आजही केला, टीव्ही बंद असूनही रिमोट हातात घेऊन. तेवढ्या वेळात इसाबेलने त्याला खुणेने बेडरूममध्ये बोलावलं.

"एडी, हे थांबव."

"अगं काय थांबव? माझा सीनियर आहे तो. आणि घाबरतेस कशाला? मी सगळा विचार केलाय." त्याने आवाज खाली आणला, पण डोळ्यांत तो भोळा विजय होताच. "कार्मू माझी सख्खी बहीण. म्हणजे पोरगी आपल्याच रक्ताची. मशीनला काय कळणार? घरचं ते घरचं."

म्हणजे हा माणूस खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. इसाबेलला त्याची दया आली आणि त्याला बदडावंसंही वाटलं.

"एडी, तिथे रक्त बघत नाहीत. यात फक्त आईकडची रेघ येते. माझ्यात माझ्या आईची. कार्मेलमध्ये तुझ्या आईची. कार्मेलकडून पुढे..." तिने नाव घेतलं नाही. "तुझ्यातही तुझ्या आईची आहे, पण तुझ्याकडून पुढे जात नाही. माझ्याकडून तर तिच्यात काहीच गेलेलं नाही. दोन काड्या पाठवल्या की ते लिहून पाठवणार, या मायलेकी नाहीत. तो भला माणूस ते ऑफिसात सगळ्यांसमोर सांगेल, तू सांडवतोस तसा चहा सांडवत."

एडविन पलंगावर बसला. त्याचा ओठ आधी हलला, आवाज नंतर आला. "तिच्या बर्थ सर्टिफिकेटवर तुझं नाव आहे. व्हिसा त्याच्यावर आहे. इसा, आपण तिघंही..."

"आता कळलं?"

"मला वाटलं, घरचं ते घरचं."

"बाहेर जा. त्याला बोलण्यात गुंतव. पाकीट मी बघते."

एडविन गेला तो घाबरलेल्या माणसाच्या उत्साहाने. त्याने केक कापला, बाल्कनीतून दिसत नसलेला समुद्रकाठचा कॉर्निश दाखवला, ओक्लाहोमात गरम किती होतं ते विचारलं. इसाबेल टीव्हीपाशी गेली. पाकीट उचलून ओट्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायला फार तर चार पावलं. पण पाकीट तिथे नव्हतं. ते शेरॉनच्या मांडीवर होतं आणि शेरॉन सूचना मोठ्याने वाचत होती.

"ममा, कम सिट. मि. ड्वेन इज टेलिंग द स्टोरी."

इसाबेल बसली. कार्मेलिन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिला इंग्रजी बेतासबात यायचं, म्हणून शेरॉन मधूनमधून मराठीत सांगत होती. लहानपणापासून ती आत्याची दुभाषी, कोपऱ्यावरच्या बकालाच्या दुकानातही आणि बँकेतही.

ड्वेन जिना उतरावा तसा एकेक शब्द टेकवत बोलायचा. त्या बाईला जहाजातून नोकर म्हणून आणलं. कुठून, कुणी लिहिलं नाही. तिथे तिला मूल झालं. लग्न झालेलं नव्हतं. तेव्हाचा कायदा असा, की अशा बाईचं मूल तिच्याकडे ठेवायचं नाही. दुसऱ्या घरी बांधून द्यायचं, मोठं होईपर्यंत राबायला.

"बेबी तिच्याकडून घेतली, आत्या," शेरॉनने सांगितलं. "दुसऱ्या लेडीला दिली."

"हं," कार्मेलिन म्हणाली.

"पुढच्या सगळ्या कागदांत आई म्हणून त्या घरच्या मालकिणीचं नाव आहे," ड्वेन म्हणाला. "माझी आजी तिलाच आमची पूर्वज समजायची. माझ्या बहिणीला तिचं नाव ठेवलंय. एवढी वर्षं आम्ही भलत्याच बाईची आठवण काढत होतो. आणि जिची काढायला हवी तिचं नावच नाही."

एडविनने केकचा तुकडा तोंडात कोंबला. कार्मेलिनने मराठीतच विचारलं, "मग त्या बाईचं पुढे काय झालं?"

"आत्या विचारतेय, व्हॉट हॅपन्ड टु हर?"

"माहीत नाही," ड्वेन म्हणाला. "त्याच गावात राहिली असेल, तर पोरीला रस्त्याने जाताना बघत असेल."

या वाक्याचं भाषांतर शेरॉनने केलं नाही. गरज पडली नाही. इसाबेलने मुद्दाम दाराकडे पाहिलं नाही, पण चौकटीला टेकलेला खांदा सरळ झालेला तिला दिसल्याशिवाय राहिला नाही.

"मग चेरोकी कधी आले?" एडविन घाईने म्हणाला. "स्टोरीत इंडियन्स कुठे आहेत?"

ड्वेन हसला. ती मुलगी पुढे पळाली, म्हणाला. हरणाची कातडी विकत घेणाऱ्या एका व्यापाऱ्याबरोबर डोंगरात, चेरोकींच्या गावी आली. पण त्या लोकांत कूळ आईकडून येतं. बाप सरदार असो, आईला कूळ नसेल तर माणूस कुणाचाच नाही. त्याला कुणी मारलं तरी विचारायला कुणी येणार नाही. या मुलीला कुठलं कूळ? मग गावातल्या एका म्हातारीने सगळ्यांसमोर तिला आपली म्हटलं. त्या दिवसापासून ती तिची लेक. तिच्या लेकी, लेकींच्या लेकी, सगळ्या त्या म्हातारीच्या कुळातल्या. ड्वेनची आईसुद्धा.

"पण ब्लड तर वेगळं ना?" एडविनने विचारलं. त्या प्रश्नात आज त्याचा सगळा जीव अडकला होता.

"त्यांना रक्त विचारायचं सुचलं नाही, एडविन. त्यांनी विचारलं, ही कुणाची? म्हातारी म्हणाली, माझी. झालं."

खलास, एवढंच, असं इसाबेलच्या मनात आलं. किती सोपं. सगळ्यांसमोर म्हटलं. आपण म्हटलं ते बंद दाराआड, देवळालीत, चोरासारखं. म्हणून बेल वाजली की अजून पोरीला आत न्यावंसं वाटतं.

"मग तुम्हाला ती दुसरी कशाला हवी?" तिने विचारलं. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "म्हातारीने आपलं म्हटलं, कूळ दिलं. मग जन्म दिलेलीला शोधून काय मिळणार? उगाच त्या म्हातारीला..." ती थांबली.

ड्वेनने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "म्हातारीचं काही कमी होत नाही, मॅडम. तिचं नाव आमच्या घरात रोज घेतात. पण एक बाई होती, आणि तिच्याबद्दल विचारायला गेलं की आमचे सगळे गप्प बसायचे. मी लहान असताना वाटायचं, काहीतरी घाण असणार. घाण काहीच नव्हतं. नुसती एक बाई होती."

एडविनने केकची ताटली उगाच ड्वेनपुढे सरकवली.

मग त्याने पेन काढलं आणि एका कोऱ्या कागदाच्या तळाशी शेरॉनचं नाव लिहिलं. काड्या पाठवायच्या तर बरोबर आईकडची नावं लागतात, जेवढी आठवतील तेवढी. नावावर त्याने एक उभी रेघ ओढली. "आई?"

"इसाबेल!" एडविन ओरडलाच. "आय, एस, ए..."

ड्वेनने लिहिलं. पुन्हा रेघ. "तिची आई?"

"सांग ना ममा," शेरॉन म्हणाली.

"रोझालिन," इसाबेल म्हणाली. तिला वाटलं, आपण कुणाच्या तरी पर्समध्ये हात घालतोय.

"तिची?"

"आनामारी. पापडीची."

रेघ वर चालली होती. शेरॉनच्या डोक्यावर एकेक करून परक्या बायका चढत होत्या, आणि दारात उभी असलेली बाई ते खालून वर वाचत होती. इंग्रजी बेतासबात असलं तरी नावं वाचता येत होती तिला.

"आमच्या आईचं नाव मार्था होतं," कार्मेलिन हळूच म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही. मग तिने पदर खोचल्यासारखी ओढणी कमरेला बांधली. "भांडी पडलीत. मी घासते. माझी काडी नको, मिस्टर. मला नाही जमणार."

हे ऐकून एडविनच्या खांद्यांवरून ओझं उतरलेलं स्पष्ट दिसलं. इसाबेललाही सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. कार्मेलिन माघार घेत होती. आता आपणही काही निमित्त काढलं आणि नुसती शेरॉनची काडी गेली, तर जुळवायला दुसरं काहीच नाही, कुणाला कधीच काही कळणार नाही. तीन दिवस ती हेच मागत होती, सकाळी मिस्साच्या वेळीसुद्धा गुडघे टेकून हेच मागितलं होतं. ते मिळालं होतं, आणि भीती जागची हललीसुद्धा नव्हती. उलट तिला आता चेहरा होता. ओढणी कमरेला बांधून ती स्वयंपाकघराकडे वळली होती, दुसऱ्याच्या घरातली भांडी घासायला.

"आत्या, तू म्हणालीस ना देते? कम ऑन!" शेरॉनने पाकीट फाडलं. "बरं, मी आधी. बघ, काही होत नाही." तिने काडी काढली आणि आ केला.

दुधाचे दात पडायचे तेव्हा ती असाच आ करायची, आणि इसाबेल त्यात डोकावून सांगायची कुठला हलतोय. त्या तोंडातला एकेक दात तिला पाठ होता. ते काडीला कळणार नव्हतं. पण ते पुसलंही जाणार नव्हतं, हे तिला पहिल्यांदाच, अगदी आत्ता, उमगलं.

"थांब," इसाबेल म्हणाली.

"इसा, चहा टाकतेस ना?" एडविन अर्धवट उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "इसा. चहा."

"कार्मेल, भांडी राहू दे. इकडे ये. बस."

कार्मेलिन वळली. तिने भावजयीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचा हात आपोआप गळ्यातल्या क्रुसाकडे गेला. "वहिनी, नको. मी म्हटलं ना, नको. पोरीसमोर नको."

"सगळ्यांसमोरच म्हणायचं असतं," इसाबेल म्हणाली. तिने टेबलाची कड धरली. ती ड्वेनकडे वळली, आणि रोज दवाखान्यात दिवसभर बोलते ते इंग्रजी तिला एका शब्दाचंही आठवेना. "शेरॉन, मी मराठीत सांगते. तू त्यांना सांग. म्हणावं, माझं नाव खोडू नका, पण त्या रेघेवरून काढा. बाजूला लिहा."

"शी सेज, डोन्ट कट हर नेम, बट..." शेरॉनने काडी तोंडाबाहेर काढली. "बाजूला का? ममा, व्हाय? रेघेवर मग कोण?"

"रेघेवर कार्मेलिन," इसाबेल म्हणाली. "तिच्यावर मार्था. बाळा, तू कार्मेलच्या पोटची आहेस. मी तुला माझी म्हटलं."